पहिले अठ्ठेचाळीस तास : श्वसनमार्गाच्या साथी आणि आपली जबाबदारी

(संस्थेच्या वार्षिक सभेत रुग्णालय व्यवस्थापनाच्या वतीने महागाव येथे केलेल्या भाषणाची संहिता)



वर्षभराच्या कामाचा आढावा या अहवालाच्या पुढील पानांत दिलेला आहे. जमाखर्च व ताळेबंद लेखापरीक्षकांच्या स्वाक्षरीसह छापलेला आहे. त्याची पुनरुक्ती करून आपला वेळ घेणे उचित होणार नाही. आज आम्ही एकाच विषयाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. पावसाळ्यात आणि पुन्हा हिवाळ्याच्या अखेरीस आपल्या बाह्यरुग्ण विभागात ताप-खोकल्याच्या रुग्णांची रांग लांबते. त्यांपैकी बहुतेक रुग्ण आठवडाभरात बरे होऊन कामाला लागतात. थोड्यांचा आजार मात्र छातीत उतरतो, धाप लागते, ओठ निळसर होऊ लागतात आणि मग प्राणवायू लावावा लागतो. हे थोडे रुग्ण कोण असतात, कोठून येतात आणि कितव्या दिवशी येतात, हा आजच्या निवेदनाचा विषय आहे. त्या अनुषंगाने विश्वस्त मंडळासमोर एक प्रस्तावही आहे.

आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. रोगनिदान आणि औषधयोजना हा आमच्या वैद्यकीय सहकाऱ्यांचा अधिकार आहे. परंतु रुग्णाचा पत्ता, व्यवसाय, आजार सुरू झाल्याची तारीख, दाखल झाल्याची तारीख आणि देयक कोणी कसे भरले, या नोंदी रोज आमच्या टेबलावरून जातात. हिशेबाची सवय असलेल्या माणसाला अशा नोंदी वर्षानुवर्षे चाळताना एक गोष्ट जाणवल्यावाचून राहत नाही. आजार सुरू झाल्याची तारीख आणि रुग्णालयात आल्याची तारीख यांतील अंतर सर्वांच्या बाबतीत सारखे नसते. बाजारपेठेतील व्यापाऱ्याच्या किंवा शिक्षकाच्या घरी ते एक-दोन दिवसांचे असते. तांड्यावरील अथवा आदिवासी वस्तीवरील मजुराच्या घरी तेच पाच-सहा दिवसांचे होते. आजच्या विषयाचे सार या अंतरात आहे.

आजार आणि वेळ

इन्फ्लुएंझा हा विषाणुजन्य आजार खोकल्या-शिंकण्यातून उडणाऱ्या तुषारांमधून आणि दूषित हातांमधून पसरतो. तो कोणालाही होऊ शकतो. पाच वर्षांखालील बालके, गरोदर माता, साठीपुढील माणसे आणि मधुमेह, दमा, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेले रुग्ण यांना तो अधिक त्रास देतो. आपल्या विदर्भात या यादीत सिकलसेलच्या रुग्णांची भर घालावी लागते. छातीतील जंतुसंसर्ग हे त्यांच्यासाठी जीवघेणे निमित्त ठरू शकते.

या आजारावरील ओसेल्टामिविर हे विषाणुरोधक औषध लक्षणे दिसू लागल्यापासून पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत सुरू झाल्यास सर्वाधिक उपयोगी पडते. गंभीर रुग्णाला ते नंतरही दिले जाते, परंतु त्याचा पूर्ण लाभ आरंभीच्या या दोन दिवसांतच असतो. प्रतिबंधक लस उपलब्ध आहे. ती दर वर्षी घ्यावी लागते आणि तिचे संरक्षण निर्माण होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणजे औषध असो वा लस, दोन्हींचा उपयोग वेळेवर अवलंबून आहे. औषधाची किंमत देणग्यांमधून भागवता येते. हातून गेलेले दोन दिवस मात्र कोणत्याही निधीतून विकत घेता येत नाहीत.

मानमोडीचा धडा

आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने १९१८ सालची मानमोडीची साथ पाहिली. त्या वर्षी जून महिन्यात मुंबईच्या गोदीवर पहाऱ्यास असलेले काही पोलीस शिपाई तापाने आजारी पडले, आणि तेथून या साथीची आपल्या देशातील नोंद सुरू होते. पहिली लाट तुलनेने सौम्य होती. सप्टेंबरमध्ये दुसरी लाट उसळली. ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. साथ रेल्वेमार्गाने देशाच्या अंतर्भागात पोचली. मुंबई इलाखा आणि आपला जिल्हा ज्यात मोडत होता तो मध्य प्रांत व वऱ्हाड, हे सर्वाधिक हानी सोसलेल्या प्रांतांपैकी होते. त्या साली पाऊस दगा देऊन गेला होता, धान्य महाग झाले होते आणि अर्धपोटी शरीरांवर आजाराने घाला घातला. संपूर्ण देशात सव्वा ते दोन कोटी माणसे दगावली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. १९११ ते १९२१ हे भारताच्या जनगणनेच्या इतिहासातील एकमेव दशक आहे, ज्यात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली.

या साथीसंबंधी मुंबईचे तत्कालीन आरोग्य अधिकारी डॉ. टर्नर यांच्या कार्यालयाने समाजगटांनुसार मृत्यूंची नोंद ठेवली होती. शंभर वर्षांनंतरही ती वाचताना मन अस्वस्थ होते. इन्फ्लुएंझाने दगावलेल्यांचे प्रमाण युरोपीय रहिवाशांत दर हजारी सुमारे ८, पारशी समाजात ९, सवर्ण हिंदूंत व मुस्लिमांत सुमारे १९ आणि त्या काळी ज्यांना खालच्या जातींचे म्हणून नोंदले जाई त्या हिंदूंमध्ये दर हजारी ६१ हून अधिक होते. शहर एक, ऋतू एक, विषाणू एक. चाळीतील कोंदट खोली, अपुरे अन्न, अंगमेहनतीचे काम आणि आजारपणात जवळ नसलेली शुश्रूषा यांनी हा फरक घडवला. स्त्रियांचे मृत्यू पुरुषांपेक्षा अधिक झाले. घरातील रुग्णाची सेवा त्यांनीच केली आणि त्यांच्या पोटी अन्न मात्र सर्वांत शेवटी गेले, असे त्याचे एक कारण अभ्यासक देतात. त्या वेळी या रोगावर औषध नव्हते, लसही नव्हती. विषाणू ही रोगाची कारणशक्ती आहे हेही नीटसे ठाऊक नव्हते. तरीही एका गटातील माणूस वाचण्याची शक्यता दुसऱ्या गटातील माणसापेक्षा कितीतरी अधिक होती. वैद्यकशास्त्राचे हात रिकामे असतानाही निवारा, अन्न आणि शुश्रूषा माणसे वाचवू शकत होती, हा त्या आकड्यांचा अर्थ आम्ही घेतो. म्हणूनच ते आकडे आम्हाला निराश करीत नाहीत. ते कामाची दिशा दाखवतात.

आपल्या डोळ्यांसमोरच्या साथी

पुढील दोन साथी आपल्यापैकी बहुतेकांनी अनुभवल्या आहेत. २००९ साली स्वाईन फ्लूचा देशातील पहिला बळी ३ ऑगस्ट रोजी पुण्यात गेला आणि राज्यभर भीतीचे सावट पसरले. आजार परदेश प्रवासातून आला होता आणि आरंभी तो शहरांतील शाळांमधून पसरला. चाचणीची सोय सुरुवातीस पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेसारख्या मोजक्या प्रयोगशाळांत होती. ज्याच्या गावापासून प्रयोगशाळा दूर, त्याचे निदानही उशिरा, हे तेव्हाच दिसून आले होते.

मार्च २०२० मध्ये कोविड-१९ महाराष्ट्रात आला तोही विमानाने. दुबईची सहल करून परतलेल्या एका गटातील व्यक्तींमध्ये तो पुण्यात प्रथम आढळला. त्याच गटातील काही रुग्ण आपल्या यवतमाळातही निघाले. पारपत्र असलेल्यांकडून आलेला आजार पुढे ज्यांनी पारपत्र कधी पाहिलेही नाही त्यांच्या वस्तीत मुक्कामाला गेला. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन प्रभागांत रक्तातील प्रतिपिंडांची पाहणी झाली. झोपडपट्ट्यांतील ५७ टक्के रहिवाशांना संसर्ग होऊन गेल्याचे तीत दिसले. त्याच प्रभागांतील इतर वसाहतींमध्ये हे प्रमाण १६ टक्के होते. अंतर राखा हा उपदेश दोघांनाही सारखाच केला गेला होता. एका खोलीत आठ माणसे आणि शंभर माणसांना एक शौचालय असेल, तेथे अंतर कोणी कसे राखावे?

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. आपल्या भागातील अनेक कुटुंबे तेव्हा घरापासून दूर होती. एप्रिलच्या मध्यास राज्य शासनाने ऊसतोड मजुरांना गावी परतण्याची परवानगी दिली, तेव्हा राज्यातील ३८ साखर कारखान्यांच्या परिसरात सुमारे १ लाख ३१ हजार मजूर अडकलेले होते. उसाच्या फडाशेजारची पालाची खोपटी हेच त्यांचे घर, आणि तेच त्यांचे विलगीकरण होते.

फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती, अकोला आणि यवतमाळ या जिल्ह्यांत रुग्णसंख्या राज्यात सर्वांआधी पुन्हा वाढू लागली. दुसऱ्या लाटेची चाहूल विदर्भाला प्रथम लागली होती. लस १६ जानेवारी २०२१ पासून सुरू झाली होती, आणि १ मे २०२१ पासून ती अठरा वर्षांवरील सर्वांसाठी खुली झाली. परंतु तरुणांना आरंभी संगणकीय नोंदणीशिवाय ती मिळत नव्हती. ज्याच्या घरी स्मार्टफोन व चांगले नेटवर्क, त्याला वेळ आरक्षित करता येई. शहरांतील माणसे मोटारीने खेड्यांतील केंद्रांवर येऊन लस घेऊन गेल्याच्या बातम्या त्या दिवसांत वृत्तपत्रांतून आल्या. नोंदणीचा तो नियम पुढे शिथिल झाला हे योग्यच झाले. लस तीच, केंद्र तेच. दारात उभ्या असलेल्या माणसाला मात्र ती मिळण्यास उशीर झाला.

या साथीचा भार कोणावर किती पडला, याविषयी २०२४ साली एका आंतरराष्ट्रीय विज्ञान नियतकालिकात भारताच्या १४ राज्यांसंबंधी अभ्यास प्रसिद्ध झाला. २०१९ ते २०२० या एका वर्षात अपेक्षित आयुर्मान सवर्ण हिंदूंमध्ये सुमारे १.३ वर्षांनी, अनुसूचित जातींमध्ये २.७, अनुसूचित जमातींमध्ये ४.१ आणि मुस्लिमांमध्ये ५.४ वर्षांनी घटल्याचा त्याचा निष्कर्ष आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांमधील घट अधिक होती, असेही तो सांगतो. केंद्र शासनाने या अभ्यासाच्या पद्धतीवर आक्षेप घेतला आहे, याची नोंद येथे करणे आवश्यक आहे. नेमका आकडा कोणता, हा वाद तज्ज्ञांनी सोडवावा. भार समान वाटला गेला नाही, हे मात्र १९१८ च्या नोंदीशी जुळते आणि आपल्या आंतररुग्ण विभागातील अनुभवाशीही.

उशीर का होतो?

आता आपल्या तालुक्याकडे वळू. नागपूर-तुळजापूर महामार्गावरील या गावी उभे राहिले की सर्व सोयी हाताशी आहेत असे वाटते. महामार्ग सोडून आत वळले की चित्र पालटते. पैनगंगेच्या काठची गावे, डोंगरकडेचे बंजारा तांडे, अंध समाजाच्या वस्त्या येथून मुख्य रस्त्यापर्यंत येणे हेच पावसाळ्यात एक काम होऊन बसते. कापूस, सोयाबीन आणि तूर ही येथील पिके. शेतीची कामे संपली की दसरा-दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जातात आणि उन्हाळ्यात परततात.

अशा घरातील माणसाला ताप आला तर त्याच्यापुढे कोणता हिशेब उभा राहतो, तो आम्ही जमाखर्चाच्या भाषेत मांडतो. पहिल्या दिवशी दवाखान्यात गेल्यास रुग्णाची एका दिवसाची मजुरी बुडते. सोबत येणाऱ्याची दुसरी मजुरी बुडते. गाडीभाडे जाता-येता पडते. मागे राहिलेल्या लेकरांना शेजारी ठेवावे लागते. ऊसतोडीवर असल्यास एक माणूस आजारी पडला तर कोयत्याची जोडीच मोडते, आणि घेतलेली उचल फिटायची राहते. हा सारा खर्च खरोखर होणारा आणि रोखीचा आहे. याउलट थांबल्यास ताप आपोआप उतरण्याची शक्यता बरीच असते. बहुतेकांचा उतरतोही. म्हणून तो माणूस थांबतो. ‘आज आलो तर रोजी बुडते’ हे वाक्य आम्ही प्रवेश खिडकीवर कितीदा तरी ऐकले आहे. याला अज्ञान म्हणण्याचा मोह टाळला पाहिजे. त्याच्या हातात जेवढे पैसे आहेत, तेवढ्यात त्याने केलेला हा हिशेब बरोबर आहे. तो चुकीचा ठरतो तो केवळ त्या थोड्या रुग्णांच्या बाबतीत, ज्यांचा आजार छातीत उतरतो. आपण त्यांच्यापैकी आहोत हे त्याला पाचव्या दिवशी कळते.

घराची रचनाही आजाराला साथ देते. पऱ्हाट्या आणि तुराट्यांवर पेटणाऱ्या चुलीचा धूर बंद खोलीत कोंडतो आणि श्वासनलिकेच्या आतील संरक्षक आवरणाला दुबळे करतो. त्या धुरात सर्वांत अधिक वेळ घरची गृहिणी आणि तिच्या कडेवरचे मूल असते. गॅसची शेगडी अनेक घरी आलेली आहे, परंतु सिलिंडर पुन्हा भरून आणण्याइतके पैसे दर वेळी हाती नसतात, आणि चूल पुन्हा पेटते. एकाच खोलीत सर्वांची झोप असल्याने एकाचा खोकला दोन दिवसांत साऱ्या घराचा होतो.

उपकरणेही नेहमी सर्वांशी सारखी वागत नाहीत. बोटाला लावून रक्तातील प्राणवायूचे प्रमाण दाखवणारे छोटे यंत्र कोविडच्या काळात घरोघरी पोचले. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले की, यंत्रावरील आकडा समाधानकारक दिसत असताना प्रत्यक्षात प्राणवायू कमी असण्याचा प्रकार कृष्णवर्णीय रुग्णांत गौरवर्णीयांच्या जवळजवळ तिप्पट आढळतो. उन्हातान्हात राबणाऱ्या, सावळ्या वर्णाच्या आपल्या रुग्णांसाठी यातून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. आकडा ठीक दिसला तरी परिचारिकेने पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत आणि रुग्णाला एक वाक्य सलग बोलता येते का, हे पाहावे.

योजना कोठे सुरू होतात?

येथे कोणी विचारील की, शासनाच्या आणि न्यासांच्या एवढ्या योजना असताना अडचण कोठे आहे? प्रश्न रास्त आहे. धर्मादाय रुग्णालयांसाठी २००६ सालापासून लागू असलेल्या योजनेनुसार दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी व दहा टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवाव्या लागतात, आणि देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. २०१२ साली सुरू झालेल्या आणि पुढे महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या जन आरोग्य योजनेने असंख्य कुटुंबांना कर्जापासून वाचवले आहे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून धावते आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले आहेत. या सर्वांविषयी आमच्या मनात कृतज्ञता आहे.

परंतु या योजना कोणत्या क्षणी सुरू होतात, हे पाहावे. राखीव खाट रुग्ण खाटेवर आल्यावर उपयोगी पडते. निर्धन रुग्ण निधी देयकाच्या वेळी उपयोगी पडतो. विमा योजनेचे संरक्षण मुख्यतः दाखल झाल्यानंतरच्या उपचारांना आहे. रुग्णवाहिका अत्यवस्थ रुग्णासाठी आहे, आणि दुसऱ्या दिवशीचा तापाचा रुग्ण अत्यवस्थ नसतो. निःशुल्क उपचार केंद्रात पाऊल ठेवल्यावर निःशुल्क आहेत. बुडालेली मजुरी, गाडीभाडे आणि मागे राहिलेली लेकरे यांचा भार यांपैकी बहुतेक योजनांच्या बाहेर राहतो. मदतीची सारी व्यवस्था पाचव्या दिवशी उभी आहे, आणि प्राण वाचवण्याची खरी संधी दुसऱ्या दिवशी आहे. या तीन दिवसांच्या पोकळीत आपल्यासारख्या लहान संस्थेला जागा आहे.

आदिवासी भागांसाठीच्या नवसंजीवनी योजनेत ‘बुडीत मजुरी’ देण्याची कल्पना शासनाने पूर्वीच स्वीकारलेली आहे. आजारपणात मजुरी बुडते आणि ती भरून दिल्याशिवाय उपचार पूर्ण होत नाहीत, हे त्यामागील तत्त्व. आम्ही नवे काही सुचवीत नाही. तेच तत्त्व श्वसनमार्गाच्या साथींच्या हंगामात आपल्या रुग्णालयाने अंगीकारावे, एवढेच सुचवितो.

मंडळासमोरील प्रस्ताव

विश्वस्त मंडळासमोर या वर्षी दोन सूचना आहेत. एक, आणखी एक कृत्रिम श्वसनयंत्र खरेदी करण्याची. दुसरी, ‘पहिल्या दोन दिवसांचा निधी’ या नावाने स्वतंत्र निधी उभारण्याची. दोन्ही सूचना सद्‌भावनेने आलेल्या आहेत. आम्ही दुसरीच्या बाजूने बोलत आहोत, आणि त्याची कारणे देणे आमचे कर्तव्य आहे.

लेखाशास्त्रात खर्चाचे भांडवली आणि महसुली असे दोन प्रकार आहेत. यंत्रावरील खर्च भांडवली. ते ताळेबंदात मालमत्ता म्हणून दिसते, त्यावर दात्याचे नाव कोरता येते, पाहुण्यांना दाखवता येते. गाडीभाडे, बुडीत मजुरी, नातेवाइकाचे दोन वेळचे जेवण, लस यांवरील खर्च महसुली. वर्ष संपले की तो संपतो. त्याची पाटी लागत नाही. वेळेवर आलेला, चार गोळ्या घेऊन बरा झालेला आणि सोमवारी पुन्हा शेतावर गेलेला मजूर आपल्या ताळेबंदात कोठेही दिसत नाही. उशिरा आलेला रुग्ण मात्र दिसतो. खाटांच्या नोंदीत, प्राणवायूच्या खर्चात आणि कधी कधी मृत्यूच्या नोंदवहीत. हिशेबाची पद्धतच अशी आहे की तिच्यात उशीर दिसतो आणि वेळेवरपणा अदृश्य राहतो. हिशेब लिहिणाऱ्यांनीच हे सांगितले पाहिजे, म्हणून आम्ही ते सांगत आहोत.

श्वसनयंत्राचे महत्त्व आम्ही कमी लेखत नाही. त्यावर असलेला रुग्ण कोणाचा तरी बाप वा लेक असतो. परंतु श्वसनयंत्रासोबत चोवीस तास प्रशिक्षित माणसे, अखंड वीज आणि देखभाल लागते, आणि तेथवर पोचलेल्या रुग्णांपैकी अनेकांना सर्व प्रयत्नांनंतरही वाचवता येत नाही. तोच पैसा आधी खर्च केला तर तेथवर पोचणाऱ्यांची संख्याच घटते.

निधीतून पुढील कामे करावीत असे आम्ही सुचवितो.

पहिले, साथीच्या महिन्यांत बाह्यरुग्ण विभाग संध्याकाळी, शेतमजुरी सुटल्यानंतर, दोन तास चालवावा आणि आठवडी बाजाराच्या दिवशी दिवसभर. माणसे बाजाराला येतातच. त्या दिवशी दवाखान्यासाठी वेगळी रोजी बुडत नाही.

दुसरे, ताप व खोकला असलेल्या गरोदर माता, लहान मुले, वृद्ध आणि मधुमेह किंवा सिकलसेलचे रुग्ण दुसऱ्या दिवसाच्या आत आल्यास त्यांचे जाण्या-येण्याचे भाडे निधीतून द्यावे. गावातील आशा कार्यकर्तीच्या चिठ्ठीवर ते मिळावे. अधिक कागद मागू नयेत.

तिसरे, मजूर कुटुंबातील रुग्ण दाखल झाल्यास सोबतच्या एका नातेवाइकाला दोन वेळचे जेवण आणि मर्यादित दिवसांची बुडीत मजुरी मिळावी. अर्धवट उपचार सोडून जाण्याचे एक मोठे कारण त्यामुळे दूर होईल.

चौथे, इन्फ्लुएंझाची लस. डॉक्टरांच्या सल्ल्याने जोखमीच्या रुग्णांना व आपल्या परिचारिका, आया आणि सफाई कामगारांना ती दर वर्षी द्यावी. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांतील गरोदर स्त्रियांपर्यंत व वृद्धांपर्यंत ती निघण्यापूर्वी किमान दोन आठवडे पोचावी. त्यासाठी तांड्याच्या नाईक-कारभाऱ्यांशी भाद्रपदातच बोलणे झाले पाहिजे. टोळी ट्रकमध्ये बसल्यानंतर शिबिर भरवून उपयोग नाही.

पाचवे, प्राणवायूची जी यंत्रे व नळजोडण्या आपल्याकडे आहेत त्यांच्या गाळण्या, सुटे भाग आणि पर्यायी विजेची सोय यांसाठी कायम तरतूद असावी. देणगीने आलेले यंत्र देखभालीच्या पैशाअभावी बंद पडू देणे हा दात्याचा अनादर आहे.

निधीचा जमाखर्च पुढील वर्षापासून या अहवालात स्वतंत्र पानावर छापावा. त्यात एक नवा रकानाही असावा : रुग्णाचा आजार सुरू झाल्यापासून तो आपल्या दारी येईपर्यंत किती दिवस गेले. गाव आणि व्यवसाय यांनुसार तो आकडा दर वर्षी कमी होतो आहे की नाही, यावरून आपण आपले काम मोजावे. नफ्या-तोट्याचा हा रकाना आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

रुग्णांच्या आप्तेष्टांस

या सभेला उपस्थित असलेल्या रुग्णांच्या कुटुंबीयांना नम्र विनंती आहे. ताप-खोकल्यासोबत धाप लागणे, छातीत दुखणे, ग्लानी येणे, ओठ वा नखे निळसर दिसणे, बाळाने दूध किंवा पाणी न पिणे, उतरलेला ताप पुन्हा चढणे, यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट पाहू नका. पैसे जवळ नाहीत म्हणून थांबू नका. पैशाचे बोलणे रुग्णावर उपचार सुरू झाल्यानंतर होईल. खोकणाऱ्याच्या तोंडावर रुमाल असू द्या, खोलीची खिडकी उघडी ठेवा आणि शक्य असेल तर चूल ओसरीवर मांडा. घरात जी आई किंवा सून सर्वांची सेवा करते, तिलाही ताप आला आहे का, हे एकदा विचारा. तिला विचारणारे कोणी नसते.

देणगीदारांना आमचे सांगणे एवढेच की, या निधीला दिलेल्या पैशाची पाटी रुग्णालयाच्या भिंतीवर दिसणार नाही. तो पैसा एसटीच्या तिकिटात, एका दिवसाच्या रोजीत आणि ताटातील भाकरीत खर्च होईल. १९१८ साली ज्यांच्याजवळ निवारा, अन्न आणि शुश्रूषा होती ते औषधावाचूनही मोठ्या प्रमाणावर वाचले. आज औषध आहे, लस आहे, प्राणवायू आहे. त्यांच्यापर्यंत माणसाला दोन दिवसांत आणणे एवढेच उरले आहे, आणि ते आपल्या आवाक्यातले काम आहे. पुढची साथ कोणत्या विषाणूची असेल हे सांगता येत नाही. ती प्रथम कोणाच्या दारी दीर्घ मुक्काम करील, हे मात्र आपणा सर्वांना ठाऊक आहे.

विश्वस्त मंडळाने या प्रस्तावाचा सहानुभूतीने विचार करावा, अशी विनंती करून हे निवेदन पूर्ण करतो.